एका विशेषणाच्या कसोटीवर तीन इंग्रजी शब्दकोश

शब्दकोशाची पारख करायची तर लोक सहसा एखादा दुर्मीळ शब्द त्यात शोधून पाहतात आणि तो सापडला की कोश भरवशाचा मानतात. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे. दुर्मीळ शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो एका ओळीत सांगून होतो. कोशकाराचा कस लागतो तो रोजच्या वापरातल्या, भाषा शिकायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच भेटणाऱ्या शब्दांवर. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मराठी वाचकाला आंतरजालावर मोफत वापरता येतील अशा तीन कोशांचे परीक्षण करताना मी एकच विशेषण निवडले आहे, ते म्हणजे 'ब्रोकन'. मेरियम-वेबस्टर, लाँगमनचा समकालीन इंग्रजीचा कोश आणि कॉलिन्सच्या संकेतस्थळावरचा कोबिल्ड हे ते तीन कोश. तिन्ही नामांकित आहेत, तिन्हींमागे अनेक दशकांचे काम आहे आणि तरीही या एका शब्दापाशी त्यांचे स्वभाव इतके वेगळे दिसतात की कोणता कोश कशासाठी उघडावा हे त्यावरून बऱ्याच अंशी ठरवता येते.

हेच विशेषण का, याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. नुकसान कोणत्या वस्तूचे झाले यावर मराठीतला शब्द ठरतो. काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटते, यंत्र बिघडते, भिंत ढासळते, वचन मोडते, स्वप्न भंगते. मराठी बोलणारा माणूस ही निवड विचार न करता करतो आणि ती चुकली तर ऐकणाऱ्याला लगेच खटकते. इंग्रजीत यांपैकी काच, दोरी, काठी, यंत्र, वचन आणि स्वप्न या सगळ्यांना 'ब्रोकन' चालते, पण कापडाला चालत नाही आणि ढासळलेल्या भिंतीला ते क्वचितच लावले जाते. त्यामुळे 'मोडलेला, तुटलेला, फुटलेला' असे तीन प्रतिशब्द देऊन थांबणारा इंग्रजी-मराठी कोश विद्यार्थ्याच्या हाती अर्धीच माहिती देतो. ते प्रतिशब्द चुकीचे नसतात, मात्र त्यांवरून विद्यार्थी असा निष्कर्ष काढतो की मराठीत जिथे जिथे तुटणे किंवा मोडणे आहे तिथे तिथे इंग्रजीत हे विशेषण बसेल, आणि मग फाटक्या सदऱ्याला 'टॉर्न' म्हणण्याऐवजी तो 'ब्रोकन' म्हणून बसतो. उलट बाजूने, बंद पडलेल्या यंत्राला हे विशेषण सर्वात सहज लागते हे त्याच्या लक्षातच येत नाही, कारण मराठीत बंद पडलेला दूरध्वनी मोडलेला नसतो, तो बिघडलेला असतो. 'बिघडणे' या क्रियापदाचा पल्ला अन्नापासून मुलाच्या वळणापर्यंत असल्याने विद्यार्थी मग यंत्रालाही 'स्पॉइल्ड' हे विशेषण लावतो. इंग्रजीत ते अन्नाला आणि लाडावलेल्या मुलाला शोभते, यंत्राला नाही.

यावरून कोशाकडून माझी अपेक्षा ठरते. विशेषणाचा अर्थ ते ज्या नामासोबत येते त्या नामापासून सुटा काढता येत नाही, म्हणून या शब्दाच्या नोंदीत अर्थ किती दिले आहेत यापेक्षा नामे कोणती आणि कशी दिली आहेत हे मी पाहिले.

मेरियम-वेबस्टरपासून सुरुवात करतो. नोहा वेबस्टर यांचा दोन खंडांतला अमेरिकन इंग्रजीचा कोश 1828 मध्ये प्रसिद्ध झाला, 1843 मध्ये वेबस्टर यांच्या निधनानंतर त्याचे हक्क मेरियम बंधूंनी घेतले आणि 1996 पासून या घराण्याचा कोश आंतरजालावर मोफत आहे. या कोशाचे मुख्य तत्त्व ऐतिहासिक क्रमाचे आहे. जो अर्थ इंग्रजीत आधी रूढ झाल्याचे माहीत आहे तो आधी येतो, मग तो आज किती प्रचलित आहे याचा विचार होत नाही. 'ब्रोकन'च्या नोंदीत त्यामुळे जोराने तुकडे झालेल्या वस्तूचा अर्थ सर्वात वर आहे आणि पुढे हाड, खडबडीत जमीन, मोडलेले वचन, खंडित गोष्ट, खचलेला माणूस, अडखळत बोललेली भाषा, विभक्त कुटुंब असा प्रवास होतो. शब्दाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर ही मांडणी फार समाधान देते. जुन्या इंग्रजीतल्या 'ब्रेकान' या क्रियापदाचे हे भूतकालवाचक धातुसाधित, आणि जर्मनमधले 'ब्रेखेन' त्याचे भावंड. एका ठोस, डोळ्यांना दिसणाऱ्या क्रियेपासून निघालेला शब्द हळूहळू मनाकडे, शब्दाकडे, नात्याकडे कसा सरकतो हे अशा क्रमात स्पष्ट दिसते.

या नोंदीतली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे अर्थाआधी दिलेली छोटी सूचना: हा अर्थ भूप्रदेशाबद्दल, हा फुलाबद्दल. फुलाबद्दलचा अर्थ वाचून बहुतेक वाचक थबकतील, कारण तिथे पाकळी तुटलेली नसते. तिच्या एकरंगी पृष्ठभागावर वेगळ्या रंगाचे पट्टे किंवा ज्वाळांसारखे फराटे उमटलेले असतात, म्हणजे खंड पडलेला असतो तो रंगात. ट्युलिपच्या फुलांवर असे पट्टे एका विषाणूमुळे उमटतात आणि तो मावा या किडीमार्फत पसरतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. मात्र त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, हॉलंडमध्ये अशाच रोगट कंदांना सर्वाधिक मागणी होती आणि 1637 च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. कोशातली चार-पाच शब्दांची सूचना वाचकाला इथपर्यंत नेऊ शकते, हे चांगल्या कोशाचे लक्षण आहे. खंड पडणे ही कल्पना एकदा समजली की रस्त्यावरची तुटक पांढरी रेषा, अधूनमधून जाग येणारी झोप आणि संगीतात एकत्र न वाजवता एकामागून एक वाजवलेले स्वर या सगळ्यांना एकच विशेषण का लागते हेही उलगडते.

तरीही शिकणाऱ्या माणसाला मी हा कोश प्रथम उघडायला सांगणार नाही. पायरी, उपपायरी आणि त्यांचे आकडे व अक्षरे यांची उतरंड मोठी आहे, व्याख्येतले शब्द अनेकदा मूळ शब्दापेक्षा अवघड आहेत आणि ऐतिहासिक क्रमामुळे दैनंदिन गरजेचा अर्थ वर येईलच याची शाश्वती नाही. नोंदीखाली अलीकडच्या वृत्तपत्रांतून आणि संकेतस्थळांवरून आपोआप गोळा केलेली वाक्ये असतात. ती जिवंत असतात हा त्यांचा गुण, पण शिकणाऱ्यासाठी निवडलेली नसल्यामुळे त्यांत संदर्भाशिवाय न कळणारी वाक्येही बरीच येतात. पानावरच्या जाहिराती लक्ष विचलित करतात, आणि ही अडचण मोफत कोशांच्या संकेतस्थळांवर सर्रास भेटते.

लाँगमनच्या कोशाचा पिंडच वेगळा आहे. 1978 मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीपासून या कोशाने व्याख्यांसाठी सुमारे 2000 साध्या शब्दांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. मर्यादा घालणे सोपे, पाळणे फार कठीण. कारण अर्थ अचूकही हवा आणि त्यासाठी हाताशी असलेले शब्द मोजकेच. या शिस्तीचा फायदा 'ब्रोकन'सारख्या नोंदीत ठळकपणे मिळतो. इथे अर्थांच्या सुरुवातीला दर्शक शब्द असतात: यंत्र, वस्तू, हाड, व्यक्ती, सलग नसलेले. ही पद्धत 1995 च्या आवृत्तीपासून या कोशाची ओळख झाली आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर त्याच्या वाक्यातले नाम आधीच असते, म्हणून तो थेट त्या दर्शक शब्दापाशी जातो आणि बाकीच्या व्याख्या वाचण्याचे त्याचे श्रम वाचतात. मराठीभाषकाला तर ही मांडणी घरच्यासारखी वाटावी, कारण वस्तूवरून क्रिया ठरवण्याची सवय त्याला आधीपासूनच असते. यंत्राचा अर्थ इथे ठळक जागी आहे हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण रोजच्या बोलण्यात हा शब्द ऐकू येण्याचे ते सर्वात मोठे कारण आहे आणि बाहेरून एकही ओरखडा नसलेले यंत्रही इंग्रजीत 'ब्रोकन' असू शकते ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

समानार्थी शब्दांतले फरक सांगणाऱ्या चौकटी हे या कोशाचे दुसरे बलस्थान, आणि नुकसान सांगणाऱ्या विशेषणांच्या बाबतीत त्यांची गरज किती आहे हे तक्रार लिहिण्याची वेळ आली की कळते. मागवलेली वस्तू तुकडे होऊन हाती आली तर ती 'ब्रोकन'. वाहतुकीत तिला पोचा पडला, कोपरा दबला, पण ती वापरता येते, तर ती 'डॅमेज्ड'. दिसायला धडधाकट असूनही कारखान्यातूनच दोष घेऊन आलेली वस्तू 'फॉल्टी', आणि हीच गोष्ट औपचारिक किंवा कायदेशीर लेखनात 'डिफेक्टिव्ह'. सार्वजनिक जागेतले उद्वाहन बंद असेल तर त्यावरच्या पाटीवर 'आउट ऑफ ऑर्डर' असते. रस्त्यात बंद पडलेल्या मोटारीसाठी क्रियापदाला 'डाउन' जोडावे लागते. संगणकातली न उघडणारी फाइल 'करप्टेड', तर ज्या दुव्यावरून पान उघडतच नाही तो मात्र पुन्हा 'ब्रोकन'. यांतले 'डॅमेज्ड' आणि 'ब्रोकन' यांमधले अंतर सर्वात उपयोगाचे आहे. पहिल्यात नुकसानीचे प्रमाण कमी-अधिक असू शकते, म्हणून त्याला 'थोडेसे' किंवा 'गंभीरपणे' अशी क्रियाविशेषणे सहज लागतात; दुसरे बहुतेक वेळा निर्णायक असते, म्हणजे वस्तू एक तर चालते नाही तर चालत नाही. हा भेद ज्याला कळला त्याची तक्रार वाचणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही.

लाँगमनमध्ये उदाहरणवाक्ये ऐकण्याची सोय आहे आणि ती केवळ शोभेची नाही. एकट्या शब्दाचा उच्चार ऐकून विशेषण आणि नाम यांच्या जोडीत जोर कुठे पडतो हे समजत नाही. वाक्य ऐकल्यावर समजते. उणीव सांगायची तर या कोशाचा साधेपणा कधीकधी अर्थाची खोली कमी करतो. खचलेल्या माणसाबद्दलचा अर्थ सांगताना व्याख्या बरोबर असते, पण जुलूम, अपयश किंवा दीर्घ दुःख यांनी माणसाचा कणाच मोडतो तेव्हा इंग्रजी लेखक हे विशेषण किती जड अंतःकरणाने वापरतात ते मोजक्या सोप्या शब्दांत पुरेसे उतरत नाही. ही किंमत मला मान्य आहे, कारण ज्याला ती छटा हवी असते तो वाचक बहुधा कोशापलीकडे साहित्याकडे जातोच.

तिसरा कोश कोबिल्ड. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि कॉलिन्स यांच्या एकत्रित प्रकल्पातून, जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली, 1987 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा संग्रह संगणकावर साठवून, त्यातले पुरावे पाहून अर्थ ठरवायचे, ही या प्रकल्पाची भूमिका होती. आज ती सर्वमान्य आहे. त्या काळी ती धाडसी होती. कोबिल्डचे दुसरे वेगळेपण म्हणजे व्याख्या पूर्ण वाक्यात लिहिणे. 'जर कोणी असे बोलत असेल तर' किंवा 'अशा गोष्टीबद्दल बोलताना तुम्ही हा शब्द वापरता' अशा घाटाची ही वाक्ये असतात. सुरुवातीला ती लांबट वाटतात, पण शब्द वाक्यात कुठे बसतो, त्याच्या शेजारी काय येते आणि तो कोणाच्या तोंडी शोभतो या तिन्ही गोष्टी त्यांतून एकदम मिळतात.

हा गुण सर्वात जास्त दिसतो तो 'ब्रोकन होम' या जोडीपाशी. आई-वडील विभक्त झालेल्या कुटुंबासाठी हा शब्दप्रयोग आहे, एवढे तर कोणताही कोश सांगेल. कोबिल्ड एक पाऊल पुढे जातो: ही गोष्ट वाईट किंवा दुःखद आहे असे बोलणाऱ्याला वाटत असेल तेव्हा तो हे विशेषण वापरतो, असे तो व्याख्येतच नमूद करतो. माझ्या दृष्टीने या संपूर्ण तुलनेतली ही सर्वात मोलाची ओळ आहे. शब्द वस्तुस्थिती सांगतो की वस्तुस्थितीबद्दलचे मत सांगतो, हा फरक परक्या भाषेत शिकणाऱ्याला स्वतःहून कळत नाही. विभक्त पालकांच्या मुलाबद्दल सहज, माहिती म्हणून काही लिहिताना एखादा विद्यार्थी ही जोडी वापरेल आणि त्याच्या मनात नसतानाही त्या घरावर शेरा मारल्यासारखे होईल. ज्याला शेरा मारायचा नाही त्याने पालक विभक्त आहेत किंवा मूल एका पालकासोबत राहते असे साधे लिहावे, ही समज त्या व्याख्येतून निघते. हे विशेषण या अर्थाने नामाच्या आधीच येते, हेही त्याच ओघात लक्षात ठेवावे. 'घर ब्रोकन आहे' असे विधान केले तर ऐकणाऱ्याला कुटुंबाची आठवण होत नाही.

'ब्रोकन इंग्लिश'ची नोंदही अशीच काळजीपूर्वक आहे. भाषा नीट येत नसल्यामुळे सावकाश आणि पुष्कळ चुका करत बोलणे, असा तिचा आशय आहे. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीशी हा प्रयोग जवळजवळ तंतोतंत जुळतो. स्वतःबद्दल नम्रतेने तो वापरला तर चालतो. दुसऱ्याबद्दल वापरला तर त्यात कमीपणा देण्याचा सूर येतो आणि नोकरीच्या शिफारसपत्रात किंवा वृत्तांतात तो टाळावा, असे माझे मत आहे.

कोबिल्डची अडचण त्याच्या घरातच आहे. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर एकाच पानावर कोबिल्ड, कॉलिन्सचा ब्रिटिश इंग्रजीचा कोश आणि वेबस्टर्स न्यू वर्ल्ड हा अमेरिकन कोश अशा निरनिराळ्या परंपरांच्या नोंदी एकाखाली एक येतात. जाणकाराला ही मेजवानी आहे. नवख्या वाचकाला मात्र आपण एका कोशातून दुसऱ्यात कधी शिरलो ते समजत नाही आणि तोच अर्थ पुन्हा वेगळ्या शब्दांत वाचून आपल्याला तो आधी कळला नव्हता की काय अशी शंका येते. पानावर सर्वात वरचा, पूर्ण वाक्यांचा भाग वाचून थांबावे, हा त्यावर सोपा उपाय आहे.

तिन्ही कोशांना सारख्याच मर्यादा पडतात त्या दोन जागी. पहिली जागा तांत्रिक वापराची. विमानतळावरच्या हवामान अहवालात आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांपैकी पाच ते सात भाग ढगांनी व्यापलेले असतील तर त्या आच्छादनाला 'ब्रोकन' म्हणतात. तीन-चार भाग असतील तर 'स्कॅटर्ड' आणि आठही भाग भरले तर 'ओव्हरकास्ट'. म्हणजे सामान्य वाचकाला जो शब्द विरळ, फाटलेल्या ढगांचा वाटेल तो प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक झाकलेल्या आकाशाचा आहे. संगणकावरच्या खेळांत याच विशेषणाने एखादे पात्र किंवा शस्त्र निकामी आहे असे सांगितले जात नाही. उलट ते इतके प्रबळ आहे की खेळाचा तोल बिघडतो, असे सुचवले जाते. अशा अर्थांसाठी त्या त्या क्षेत्राची परिभाषा पाहावी, सर्वसाधारण कोशाला त्याबद्दल बोल लावणे अन्यायाचे होईल. 'इन' जोडल्यावर अर्थ चक्क अनुकूल होतो हे मात्र कोणत्याही कोशाने ठळक करायला हवे: नवी पादत्राणे पायाला बसून मऊ झाली किंवा घोडा स्वार घ्यायला सरावला की ते 'ब्रोकन इन' झालेले असतात, आणि इथे नुकसान कसलेच नसते. तसेच 'ब्रोक' म्हणजे खिसा रिकामा असलेला. हे त्याच क्रियापदाचे जुने रूप शेवटचा 'न' गळून वेगळे विशेषण झाले आहे, आणि एका अक्षराच्या चुकीने निर्धन माणूस खचलेला माणूस होतो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. शब्द कुठे वापरतात ते कोश सांगतो. कुठे वापरत नाहीत ते तो क्वचितच सांगतो. कापडाला हे विशेषण लागत नाही ही सूचना मला या तीनपैकी एकाही नोंदीत ठळकपणे दिसली नाही, आणि मराठीभाषकाची चूक नेमकी तिथेच होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना अशी सूचना लागत नाही, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिणारा कोशकार प्रत्येक भाषेतल्या चुकांचा अंदाज बांधू शकत नाही, हे मला समजते. ही पोकळी चांगल्या इंग्रजी-मराठी कोशानेच भरून काढली पाहिजे: तीन प्रतिशब्दांच्या जागी नामांसह आठ-दहा जोड्या द्याव्यात आणि न चालणाऱ्या दोन-तीन जोड्याही स्पष्टपणे लिहाव्यात.

असा कोश हाती येईपर्यंत माझी शिफारस अशी आहे. वाक्य लिहिताना अडखळलात तर आधी लाँगमन उघडावा आणि नामाचा दर्शक शब्द शोधावा. माणूस, कुटुंब किंवा भाषा यांच्याबद्दल लिहीत असाल तर त्यानंतर कोबिल्डमधले पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या मजकुरात किंवा साहित्यात हा शब्द अनोळखी जागी भेटला तर मेरियम-वेबस्टर पाहावा. न चालणाऱ्या जोड्यांची शंका असेल तेव्हा समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कोका या संग्रहाची मदत घ्यावी. एक अब्जाहून अधिक शब्दांचा हा संग्रह नोंदणी करून मर्यादित प्रमाणात मोफत वापरता येतो. तिथे 'ब्रोकन'नंतर येणारी नामे मागितली की काच, हाड, पाय, हृदय, खिडकी, वचन अशी रांग समोर येते. आपल्या मनातले नाम त्या रांगेत कुठेच नसेल, तर वाक्य पाठवण्याआधी दुसरे विशेषण शोधावे.